रंगाला कसे कळते, कुठे गडद व्हायचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावच्या एका शाळेत शिक्षकांबरोबर दोन दिवस प्रयोग करायला आम्ही गेलो होतो. विषय ठरला होता पृष्ठताण. पाण्यावर तरंगणारी सुई, मिरपुडीच्या मधोमध पडणारा साबणाचा थेंब, बारीक काचनळीत चढणारे पाणी, अशी नेहमीची तयारी होतीच. पण हे प्रयोग शिक्षकांनी इतक्या वेळा केलेले असतात की सुई तरंगली तरी कोणाची भुवई वर जात नाही. म्हणून निघताना पिशवीत आणखी एक डबा टाकला. त्यात दीड सेंटिमीटर उंचीचे शंभर शिपाई होते. पायदळाच्या सात तुकड्या, प्रत्येकीत बारा जण, आणि सोळा घोडेस्वार. सर्वांना पांढऱ्या रंगाचा एक हात दिलेला. सोबत आमच्या भाच्याने परदेशातून आणलेल्या रंगाच्या दोन लहान बाटल्या, एक लाल आणि एक तपकिरी.

एका शिक्षिकेबरोबर त्यांचा नववीतला मुलगा आला होता. त्याच्या हाती एक शिपाई आणि बारीक कुंचला दिला. त्याने अंगरख्यावर लाल रंग भरपूर ओला असा एकदाच फिरवला आणि शिपाई खाली ठेवला. सगळे वाकून पाहू लागले. पहिले मिनिटभर सगळा अंगरखा सारखाच लाल दिसत होता. मग खांद्यावरचा, कोपरावरचा, पट्ट्याच्या कडेचा रंग हळूहळू उतरू लागला, आणि काखेत, बाहीच्या चुण्यांत, पट्ट्याखालच्या खाचेत जमू लागला. पंधरा-वीस मिनिटांनी रंग सुकला तेव्हा अंगरख्याच्या उंचवट्यांवर फिकट लाल, सपाटीवर भरीव लाल आणि घड्यांत जवळजवळ मरून अशा तीन छटा दिसत होत्या. कुंचला मात्र एकदाच फिरला होता. तो मुलगा अर्धे अहिराणीत आणि अर्धे मराठीत म्हणाला, "सर, रंगाला कसं कळतं, कुठं गडद व्हायचं ते?"

प्रश्न इतका नेमका होता की दोन दिवसांची आखणी आम्ही तिथेच बाजूला ठेवली.

आधी या शिपायांविषयी. टेबलावर लढाया मांडून खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रचंड प्रतिकृती करून १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांना दाखवली. तिच्यावर सुमारे एक सेंटिमीटर उंचीचे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचे हजारो शिपाई आहेत, आणि ती आजही तिथल्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आहे. विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये घरात खेळायच्या लढायांवर पुस्तकच लिहिले. नेपोलियनचा काळ या छंदवाल्यांचा विशेष आवडता. कारण उघड आहे, त्या काळातले गणवेश फार रंगीत होते.

त्या काळातली एक मोठी लढाई आपल्या शेजारीच झाली. चाळीसगावपासून पूर्वेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या सैन्यावर ऑर्थर वेलस्लीने हल्ला केला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध उभा राहिला. असईला शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा अशा लढल्या की कंपनीच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पुढल्याच महिन्यात बऱ्हाणपूर आणि असीरगड गेले, डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. आमच्या डब्यातल्या सात तुकड्या म्हणजे असईला लढलेल्या कंपनीच्या सात पायदळ पलटणी होत्या. शिंद्यांच्या पलटणी अजून करायच्या आहेत.

इथे इतिहास शिकवणाऱ्या एका मॅडमनी आम्हाला अडवले. "आपला पराभव मांडून मुलांना खेळायला द्यायचा, आणि रंगवायचे ते लाल डगलेवाले?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी आम्ही एवढेच म्हणालो की रंगवून तर होऊ द्या, मग बोलू. त्या प्रश्नाकडे पुढे यावे लागलेच, आणि तेही रंगामुळेच.

मुळात छोट्या शिपायावर छटा रंगवायच्या कशाला? खऱ्या माणसाच्या अंगरख्यावर कोणी सावली रंगवत नाही, ती आपोआप पडते. भूमितीच्या दृष्टीने पाहिले तर वस्तू शंभरपट लहान केली तरी सावलीचे प्रमाण तेच राहायला हवे. पण दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे प्रकाशाचा उगम. आकाशातला सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याची सावली कडक पडते. वर्गातली चार फुटी ट्यूब मीटरभर अंतरावरून साठेक अंशांची दिसते. तिचा प्रकाश बाहीच्या चुणीत एका बाजूने नाही तर दुसऱ्या बाजूने शिरतो, आणि सावली पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट आपला डोळा. दीड सेंटिमीटरचा शिपाई एक मीटरवर ठेवला तर तो जवळपास ११५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो. शाळेच्या मैदानाच्या पलीकडे उभ्या माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या तुम्हाला दिसतात का? निरोगी डोळ्याला साधारण एक कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. एक मीटरवर हे अंतर ०.३ मिलिमीटर भरते, आणि आमच्या शिपायाच्या बाहीची चुणी जवळजवळ तेवढीच आहे. दिसण्याच्या सीमेवरची गोष्ट दिसायची तर तिच्यातला आणि शेजारच्या भागातला गडद-फिकट फरक खूप जास्त असावा लागतो. म्हणून छंदवाले सावली वाढवून रंगवतात.

चाळीसगावकरांना हे नवे वाटायचे कारण नाही. रेल्वे स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर आहे, ते आता संग्रहालय झाले आहे. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून मोठ्या निसर्गदृश्याचा भास देणारी त्यांची ‘टेबल टॉप’ छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. लहान गोष्ट मोठी भासवायची तर वस्तूइतकाच प्रकाशही मांडावा लागतो. छायाचित्रकाराला दिव्याची जागा आणि आकार हवा तसा ठेवता येतो. खेळणाऱ्याला तशी सोय नसते. त्याचा शिपाई टेबलभर फिरतो, दिवा मात्र छताला टांगलेला. मग तो सावली शिपायाच्या अंगावरच रंगवून टाकतो.

पूर्वी हे काम तीन हातांनी करीत. आधी मधली छटा, मग खाचांत गडद, मग कडांवर फिकट. एका शिपायाला तास-दीड तास सहज जाई, आणि तुकड्या तर बारा-बारांच्या. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाने एक रंगमालिका आणली. पांढऱ्या किंवा फिक्या अस्तरावर एकदाच लावा, छटा आपोआप येतील, असा तिचा दावा. पाठोपाठ इतर कंपन्यांनीही तसेच रंग काढले. दावा बऱ्याच अंशी खरा आहे हे आमच्या नववीतल्या मित्राने दाखवलेच होते. आता त्याचा प्रश्न.

फळ्यावर आम्ही सगळ्यांची उत्तरे लिहून घेतली. बहुतेकांचे उत्तर एकच होते, रंग पातळ आहे म्हणून उतारावरून वाहतो आणि खोलगट जागी साचतो. पावसाचे पाणी खड्ड्यात साचते तसे. उत्तर पटण्यासारखे आहे, आणि चुकीचे आहे. चुकीचे आहे हे सांगण्याऐवजी तपासायचे ठरले. एका शिपायाला रंग लावला आणि लगेच बाटलीच्या बुचाला चिकटवून उलटा टांगला, डोके खाली आणि पाय वर. दुसरा आडवा ठेवला, तिसरा नेहमीसारखा उभा. गुरुत्वाकर्षणाने काम होत असेल तर उलट्या शिपायाच्या घड्यांची जी बाजू आता वर आली ती फिकट राहायला हवी.

तिघेही सुकल्यावर शेजारी ठेवले. अंगरख्याकडे पाहून कोणता शिपाई उलटा टांगला होता हे कोणालाच सांगता येईना. फक्त एका जागी चुगली झाली. उलट्या शिपायाच्या टोपीच्या टोकाला रंगाचा एक जाड थेंब लोंबून सुकला होता. हा थेंब लक्षात ठेवा.

मग रंग ओढतो कोण? पृष्ठताण, असे सगळे एकदम म्हणाले, कारण विषयच तो होता. पण ‘पृष्ठताणामुळे’ हे उत्तर परीक्षेत चालते, समाधान मात्र त्याने होत नाही. साबणाचे दोन फुगे, एक लहान आणि एक मोठा, नळीने जोडले तर लहान फुगा आपली हवा मोठ्यात ढकलतो आणि स्वतः आक्रसून जातो. पृष्ठभाग जितका जास्त वळलेला, तितका आतला दाब जास्त. रंगाच्या ओल्या थराचेही तसेच. कोपरावर किंवा पट्ट्याच्या कडेवर थराचा पृष्ठभाग बाहेर फुगलेला असतो, म्हणून त्याच्याखालच्या रंगावर दाब जास्त. चुणीत तोच पृष्ठभाग आत वळलेला असतो, तिथे दाब कमी. रंग जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, म्हणजे कडेवरून चुणीत. वर-खाली कोणती बाजू आहे याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नाही.

‘फारसे’ म्हणजे किती, ते मोजता येते. अशा रंगाचा पृष्ठताण मीटरला ०.०३ न्यूटन धरू. कडेच्या वळणाची त्रिज्या ०.२ मिलिमीटर. भागाकार केला की दाब येतो १५० पास्कल. आता गुरुत्वाकर्षण. अंगरखा खांद्यापासून कमरेपर्यंत चार मिलिमीटरचा. चार मिलिमीटर उंचीच्या द्रवाचा दाब साधारण ४० पास्कल. कडेपासून शेजारच्या चुणीपर्यंतचे अर्ध्या मिलिमीटरचे अंतर घेतले तर फक्त ५. दीडशे विरुद्ध पाच, असा हा सामना आहे.

हाच सामना मोठ्या मूर्तीवर लावून पाहा. खानदेशात भाद्रपदात घरोघर गुलाबाई बसते. तिची फूटभर उंचीची मातीची मूर्ती आमच्या शिपायाच्या वीसपट. घड्यांचे वळण वीसपट मोठे, म्हणून पृष्ठताणाचा दाब वीसपट कमी, साडेसात पास्कल. अंगरख्याऐवजी पदराची उंची आठ सेंटिमीटर, म्हणून गुरुत्वाकर्षणाचा दाब वीसपट जास्त, आठशे पास्कल. उंची वीसपट वाढली तर दोन्ही दाबांचे गुणोत्तर चारशेपट उलटले. गुलाबाईला हा रंग लावला तर तो पदरावरून ओघळून पाटावर येईल. दोन्ही दाब बरोबरीला येतात ते अंतर या रंगासाठी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास आहे. त्याहून बारीक नक्षीवर पृष्ठताणाचे राज्य, त्याहून मोठ्या आकारांवर गुरुत्वाकर्षणाचे. टोपीला लोंबलेला थेंब या सीमेपलीकडे गेला होता, म्हणून तो खाली ओढला गेला. कॉन्ट्रास्ट रंगाचे गुपित बाटलीत जेवढे आहे तेवढेच शिपायाच्या लहानपणात आहे, आणि छंदवाल्यांच्या बोलण्यात हे दुसरे गुपित क्वचितच येते.

रंग चुणीत साचतो हे कळले. पण साचला म्हणून गडद का दिसावा? घराच्या भिंतीला ऑइलपेंटचे दोन हात दिले काय आणि चार दिले काय, रंग तोच दिसतो. कारण भिंतीचा रंग अपारदर्शक असतो. त्यातल्या टिटॅनियम डायऑक्साइडसारख्या कणांचा अपवर्तनांक (२.७ च्या आसपास) भोवतीच्या माध्यमाच्या अपवर्तनांकाहून (सुमारे १.५) खूप वेगळा असतो, म्हणून प्रकाश वरच्या वर विखुरला जाऊन परत फिरतो. खालच्या थरांपर्यंत तो जातच नाही. कॉन्ट्रास्ट रंगाचा थर रंगीत काचेसारखा असतो. प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. जाता-येता दोन्ही वेळा थोडा शोषला जातो.

वर्गात हे दाखवायला दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद पुरे. पांढऱ्या कागदावर त्याचा एक तुकडा ठेवा, शेजारी दोन एकावर एक, त्याशेजारी चार. सोयीसाठी समजा, एका थरातून जाऊन परत येताना लाल प्रकाशाचा ८० टक्के भाग वाचतो आणि हिरव्याचा ४० टक्के. दोन थरांत ०.८ ला ०.८ ने गुणायचे, चार थरांत चार वेळा. चार थरांनंतर लाल उरतो ४१ टक्के आणि हिरवा अडीच टक्क्यांच्या किंचित वर. रसायनशास्त्राच्या मुलांना हाच बेर-लँबर्टचा नियम म्हणून पुढे भेटतो. पण आकड्यांकडे नीट पाहा. एका थरात लाल हिरव्याच्या दुप्पट होता, चार थरांत सोळापट झाला. म्हणजे जाड थर नुसता काळसर होत नाही, तो जास्त लाल होतो. लाल रंगात काळा मिसळून केलेली सावली मळकट दिसते आणि ही खोल दिसते, त्याचे कारण हे गुणोत्तर आहे. चित्रकलेच्या एका सरांनी हा हिशेब वहीत उतरवून घेतला. तेलरंगातले पातळ पारदर्शक थर ते तीस वर्षे शिकवत होते.

चिनी कुंभारांना हे आठशे-हजार वर्षांपूर्वी हाताने माहीत झाले होते. लुंगचुआनच्या हिरवट सेलाडॉन भांड्यांवर फुले-पाने कोरतात आणि वरून एकच पारदर्शक झिलई देतात. भट्टीत झिलई वितळून कोरलेल्या रेषांत जाड बसते, आणि नक्षी आपोआप गडद उठून दिसते.

दुसऱ्या दिवशी घरच्या सामानातून असा रंग करायचे ठरले, कारण परदेशी रंगाच्या अठरा मिलिलिटरच्या बाटलीला जे पैसे पडतात ते ऐकून मुख्याध्यापकांनी हात जोडले. पहिला प्रयत्न शाळेतल्या पोस्टर कलरचा. भरपूर पाणी घालून पातळ केला, लावला, ओला असताना सुंदर दिसला आणि सुकल्यावर पिठूळ, फिका, एकसारखा झाला. पोस्टर कलरमध्ये खडूसारखी भुकटी भरलेली असते. खडूचा अपवर्तनांक १.६ च्या आसपास, पाण्याचा १.३३. ओले असताना दोघांतला फरक थोडा, म्हणून रंग बराचसा पारदर्शक. पाणी उडाले की कणांमध्ये हवा शिरते, तिचा अपवर्तनांक १, फरक एकदम वाढतो आणि खडू पांढरा दिसू लागतो. फळा ओल्या फडक्याने पुसल्यावर स्वच्छ दिसतो आणि वाळला की पुन्हा पांढुरका होतो, तेच हे.

तेव्हा भुकटी नको आणि कणांमधली जागा भरून राहील असा चिकट पदार्थ भरपूर हवा. कृष्णधवल छायाचित्रे रंगवायचे पारदर्शक फोटो कलर एका सरांच्या कपाटात होते. ते नसतील तर रंगीत शाई चालते. त्यात एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी घातले. फेव्हिकॉल ओला असताना दुधासारखा दिसतो म्हणून मुले घाबरली, पण सुकल्यावर तो काचेसारखा होतो. काडीच्या टोकाने साबणाचे पाणी अगदी थोडे लावले, म्हणजे रंग शिपायाच्या अंगावर थेंब-थेंब न राहता पसरतो. साबण जास्त झाला की फेस येतो आणि फुटलेल्या बुडबुड्यांचे वण राहतात. आमच्या मिश्रणाला बाटलीतल्या रंगाची सर आली नाही, शाई पुढे उन्हात विटेल हेही खरे. पण तीन हातांच्या दूरवरून पाहिले तर दोन्हींत निवडणे कठीण होते.

बिघडले काय काय, ते सांगायला हवे, कारण खरा धडा तिथेच मिळाला. एका मॅडमनी घरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे दोन मावळे आणले होते, किल्ल्यावर ठेवायचे. त्यांना अस्तर न देताच रंग लावला. रंग टेकवला तिथेच शोषला गेला, छटा नाहीच, डाग मात्र पडले. प्लॅस्टरमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी छिद्रे असतात. दाब वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो हा आपलाच नियम लावला तर या छिद्रांची ओढ चुणीच्या ओढीच्या शेकडोपट निघते. कडेवरचा रंग चुणीपर्यंत पोचायच्या आतच छिद्रांनी पिऊन टाकला. अस्तराचे काम नुसते पांढरे करण्याचे नाही, तोंडे बुजवण्याचेही आहे.

दुसरी गोष्ट हवामानाची. हे काम दिवाळीत जमले ते वैशाखात जमेलच असे नाही. रंगाला कडेवरून चुणीत जायला वेळ लागतो, आणि सुकण्याच्या आत त्याला पोचायचे असते. थर पातळ होत जातो तसतसे वाहणे फार झपाट्याने मंदावते. जाडी निम्मी झाली की प्रवाह आठपट कमी. त्यात पाणी उडून रंग घट्टही होत असतो. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर, हवा कोरडी आणि वर पंखा फिरत असेल, तर रंग अर्ध्या वाटेतच थिजतो. पंखा बंद करून पाहा, फरक लगेच कळेल.

तिसरा बिघाड आम्हाला सर्वांत आवडला. घोड्यांच्या पुठ्ठ्यावर, जिथे ना चुणी ना कड, तिथे तपकिरी रंगाचे कडे उमटले. मधे फिकट आणि भोवती गडद वर्तुळ. चहाचा थेंब ओट्यावर सुकला की असेच कडे राहते. याचे नीट स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिले. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते, सरकत नाही. तिथे थर सर्वांत पातळ आणि बाष्पीभवन सर्वांत जलद. कडेचे उडालेले पाणी भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना रंगाचे कण घेऊन जाते. पुढे २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवले की कण गोल असण्याऐवजी लांबट असले तर ते पृष्ठभागावर एकमेकांत अडकतात आणि कडे उमटत नाही. आपल्याला लांबट कण कुठून मिळणार? आम्ही ग्लिसरिनचा एक थेंब घालून पाहिला. रंग सावकाश सुकला आणि कडे फिकट झाले, पण दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होते. यापेक्षा चांगला उपाय कोणाला सापडला तर जरूर कळवावा.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. धातूचे जुने शिपाई हाती आले तर त्यांत शिसे असण्याची शक्यता धरावी. ते लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, घासू नयेत, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. वर्गासाठी जत्रेत मिळणारे प्लॅस्टिकचे शिपाई उत्तम. तेही आधी साबणाने धुवून घ्या, नाहीतर साच्याचा तेलकटपणा रंगाला टेकू देत नाही.

संध्याकाळपर्यंत सातही तुकड्यांचे अंगरखे लाल झाले. आमचा नववीतला मित्र उत्साहाने पुढे गेला होता. त्याने सर्वांचे चेहरे आणि हात फिक्या गुलाबी रंगाने रंगवून टाकले होते. लाल डगला म्हणजे इंग्रज, हे त्याने गृहीतच धरले होते. इतिहासाच्या मॅडम खुर्ची ओढून बसल्या. असईला वेलस्लीकडे पायदळाच्या सात पलटणी होत्या हे त्यांना पाठ होते. त्यांतल्या दोन स्कॉटिश, ७४ वी आणि ७८ वी. उरलेल्या पाच मद्रासच्या देशी शिपायांच्या. घोडदळाच्या चार रेजिमेंटांपैकीही तीन देशी. "म्हणजे या सातांतल्या पाच तुकड्यांत आपलीच माणसं," त्या म्हणाल्या. "डगला कोणाचा आणि आतला माणूस कोण, हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि मुलांच्या लक्षात राहत नाही."

मुलगा हिरमुसला. साठ चेहरे चुकले होते. पांढरा रंग देऊन पुन्हा सुरुवात करावी लागणार असे त्याला वाटले. आम्ही त्याला सकाळचा जिलेटिन कागद आठवायला सांगितला. पारदर्शक थर प्रकाश फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. गडदावर फिका थर देऊन काही होत नाही, पण फिक्यावर गडद थर बसतो. गुलाबीवर तपकिरी सरळ चालेल. उलट चूक झाली असती, स्कॉटिश शिपायांना आधी तपकिरी लागला असता, तर मात्र पांढऱ्यापासूनच सुरुवात करावी लागली असती.

त्याने दुसरी बाटली उघडली. त्या काळी मद्रासचे शिपाई आखूड चड्डी घालत, पाय उघडे असत, त्यामुळे पायांनाही तोच रंग. तपकिरी रंग डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसला, गालाच्या हाडांवरून उतरला, आणि गुलाबी अस्तरामुळे चेहऱ्यांना थोडी ऊब आली, जी पांढऱ्यावर आली नसती. शेवटची तुकडी होईपर्यंत बाहेर अंधार पडला होता. मॅडमनी एक शिपाई उचलून खिडकीतल्या पणतीजवळ धरला आणि म्हणाल्या की शिंद्यांच्या पलटणींचे काम सुरू कराल तेव्हा त्यांच्या शाळेला आधी कळवा, चेहऱ्यांच्या रंगाची यादी त्या स्वतः करून देतील.